आधी बूट काढ

आधी बूट काढ. दाराशी नको, वर, फळीवर ठेव.
खाली ठेवलेस तर डावा बूट फ्रीजमागे जाईल
आणि तुला अनवाणी बस पकडावी लागेल.
चोर आहेत सगळे. मोजे, चमचे, माझा चष्मा,
एकदा तर चर्चच्या पाद्रीबुवांच्या गाडीची किल्ली.

मी डोरीन थॅकरे. ही शेड माझ्या बापाची.
आठवडाभर तो खाणीत उतरायचा
आणि रविवारी कोटाच्या खिशात फेरेट घालून
बार्न्सलीच्या वरच्या माळावर, सशांच्या बिळांकडे.
दूध-पाव घालायचा त्यांना. सगळेच घालत.
दात झिजायचे, पोट बिघडायचं, चौथ्या वर्षी मरायचे,
आणि तो म्हणायचा, फेरेटाचं आयुष्यच तेवढं.
त्याला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
तुला मी सांगते आहे.
तुला ती सवलत नाही.

मांस. नुसतं मांस.
गाजर नको, बिस्किट नको, बहिणीच्या डब्यातले मनुके तर नकोच.
तीन-चार तासांत त्यांचं पोट रिकामं होतं,
तेव्हा वाटी रात्रीही भरलेली हवी.
तुला सर्दी झाली तर त्यांच्यावर शिंकू नको,
तुझा फ्लू त्यांना लागतो.

आणि रबर. दिसलं की उचल.
रिमोटची बटणं, इअरफोनची टोकं.
हा बर्नार्ड. पोटावरचा टाका बघ.
आतून चपलेची टाच निघाली,
डॉक्टरांकडून सहाशे पौंडांचं बिल निघालं,
आणि बिल बघून मालक निघून गेले.

मादी नेणार असशील तर ऐक, लाजू नको,
एकोणीस वर्षांचा घोडा झालास.
ती माजावर येते, आणि नर भेटला नाही तर
माज आपणहून ओसरतोच असं नाही.
अंगातलं रक्त आटत जातं, आणि एके दिवशी संपते.
डॉक्टरांना वेळेवर विचार. वसंतात, पावसाळी कोट काढायच्याही आधी.

दिवसाचे चौदा-सोळा तास झोपतात.
इतकं गाढ, की पहिल्यांदा तू घाबरशील.
उचलशील, मान लोंबेल, हलवशील, हाका मारशील,
तुला रडू फुटेल,
आणि मग ते तुझ्या तोंडावर जांभई देईल.

आता ऊन.

थांब, किटली बंद करते.

ऊन.
अठ्ठावीस अंशांना तुम्ही पोरं आईस्क्रीमच्या रांगेत असता.
फेरेटाला घाम काढता येत नाही.
माझी नेटल होती, कानाशी पांढरा ठिपका असलेली.
तिचा पिंजरा मी काचेच्या पडवीत ठेवला,
मी, याच हातांनी, तिला बाग दिसावी म्हणून,
आणि पोस्टात गेले. पोस्टात रांग होती.
कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो बघितले मी तिथे.
परत आले तर ती झोपली होती.
उचलली. मान लोंबली.
मी जांभईची वाट बघत बसले.

दिवे लागले तरी बसले होते.

लोक म्हणतात, म्हातारी खडूस आहे,
जनावर देताना पोलिसासारखं विचारते.
म्हणू देत.

काय म्हणालास? एकच परवडेल?
मग एकही नाही, कीनन.
एकटं फेरेट भिंतीशी बोलत बसतं.
बर्नार्ड जाईल तर टिल्डा बरोबर जाईल,
दोघांची उशीही एकच आहे.

अरे, चावला? बघू.
रक्त आलंय, खोल नाही. नळाखाली धर.
पण झटकला नाहीस तू त्याला. खाली टाकला नाहीस.
हं.

तरी आज कुणी मिळणार नाही. चहा घे आणि जा.
शनिवारी सकाळी ये, जुने कपडे घालून.
त्यांच्या घाणीच्या पेट्या शनिवारी घासायच्या असतात, अकरा आहेत.
वास तीन दिवस केसांतून जात नाही.
मंगळवारपर्यंत थांब.
मंगळवारीही यावंसं वाटलं,
तर घरात ऊन कुठल्या खिडकीतून येतं
ते कागदावर काढून आण.